वाळवलेले सेल

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे साधं काम केलं ते लेसरचे सेल बदलायचं.

दुपार होती. जेवणं झाली होती, म्हणजे वरणात भाकरी कुस्करून मी बायकोला भरवली होती आणि उरलेलं मी खाल्लं होतं. ती बाजेवर, पाठीला गोधड्यांची वळकटी लावून बसलेली. मी खाली, तिच्या डाव्या अंगाला. तिचं उजवं अंग सात महिन्यांपासून गेलेलं होतं. लकवा. अंगाबरोबर वाचाही गेली. लेसर म्हणजे ती बोटाएवढी बॅटरी, पोरं भिंतीवर लाल ठिपका मारतात ती, किल्ल्यांच्या कडीला लटकवायची. तिचं सगळं बोलणं त्या ठिपक्यावर चालायचं. माठावर मारला की पाणी. दारावर मारला की दार लोट. माझ्यावर मारला की इकडं ये.

त्या दिवशी ठिपका फिका पडला होता. मी मागचं झाकण फिरवून काढलं आणि तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. झाकण धरायचं काम तिचं. एवढंसं झाकण, हातून सुटलं की बाजेखाली जातं, आणि माझे गुडघे आता मला बाजेखाली जाऊ देत नाहीत. जुने तीन सेल गोधडीवर पाडले. नवे तीन गोळ्यांच्या पाकिटासारख्या पत्त्यातून नखानं फोडून काढले, सदऱ्याच्या टोकाला पुसले आणि एकामागं एक आत सोडले. तिनं झाकण पुढं केलं. मी फिरवून बसवलं.

तिनं बटन दाबून हात वर केला. ठिपका मला दिसला नाही, पण हात कुठं रोखलाय ते दिसलं. माझ्या टकलावर.

"डोळ्यावर मारू नको म्हंजे झालं," मी म्हणलं.

मग हात चुलीकडं गेला. दुधाच्या पातेल्यावर ठिपका थरथरत होता. दूध कडेला आलं होतं.

"अगं, आधी सांगाय काय झालं! टकलावर काय खेळत बसलीस?" म्हणून मी उठलो. ती हसली. तिचं डावीकडचं अर्धंच तोंड हसायचं.

त्याच दिवशी ऊन कलताना ती गेली. ते पुढं सांगतो. आधी सेलचं सांगतो, कारण माझा गुन्हा सेलमध्येच आहे.

मी चौथी शिकलो. शेतीवर पोट. चाकूरपासून जवळच आमचं गाव. शिक्षण नव्हतं, पण सेलमधलं मला कळतं असं गाव म्हणायचं, कारण गल्लीत पहिला रेडिओ माझ्या घरी होता. रेडिओ लागला की ओसरीवर माणसं बसायची. त्याला मोठे सेल लागायचे, आणि ते संपले की टाकून द्यायची आमची रीत नव्हती. उन्हात पत्र्यावर मांडायचे. दिवसभर तापले की संध्याकाळच्या बातम्यांपुरता जीव येतोच. तेवढ्यानं भागलं नाही तर दगडानं जरा ठेचायचे. एखादा नवा, बाकीचे जुने असंही घालायचे. लग्न होऊन आली तेव्हा बायकोला त्याचं लई हसू आलं होतं. "आमच्याकडं कुरडया वाळवतेत," म्हणाली. पुढं मग तीच पापडाच्या कडेला माझे सेल मांडायची आणि पोरीला राखण बसवायची, कावळ्यानं पापड नेले तर चालतील, सेल नेऊ देऊ नको म्हणून.

पोरगी आम्हाला एकच. ती नांदेडला दिलेली. जावई एका दुकानात कामाला आहे, माणूस सरळ.

नागपंचमी होऊन आठ दिवस झाले होते, तेव्हा बायको भाकरी थापता थापता एका अंगावर कलंडली. चाकूरच्या डॉक्टरनं नांदेडला न्या म्हणून सांगितलं, लेकही तिथंच म्हणून नांदेडला नेलं. वीस दिवस दवाखान्यात होतो. ती डोळ्यांनी सगळं बघायची आणि तोंडातून नुसता "आँ" निघायचा. मान हलायची, पण त्या मानेचा भरवसा नव्हता. चहा पाहिजे का विचारलं तरी हलायची, नको का विचारलं तरी तशीच हलायची. बोट दाखवायची तर त्या बोटाच्या रेषेत दहा वस्तू. मी एकेक उचलून दाखवायचो, हे का? हे का? शेवटी ती डोळे मिटून घ्यायची आणि मी चिडायचो. आजारी माणसावर मी चिडलो, हे पण लिहून ठेवतो.

लेसर लेकीच्या पिशवीत होता. नांदेडलाच रस्त्यावरच्या खेळण्याच्या गाड्यावरून तिनं तिच्या पोराला घेतलेला, पोरगं लोकांच्या तोंडावर मारायला लागलं म्हणून काढून घेतलेला. पिशवीतून रुमाल काढताना तो बायकोच्या हातावर पडला. तिनं बटन दाबलं. लाल ठिपका छतावर गेला, तिथून भिंतीवर, तिथून खिडकीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीवर आला आणि थांबला. लेक बघतच राहिली.

"माय, पाणी?"

ठिपका बाटलीवरून हलला नाही.

लेक पाणी पाजता पाजता रडायला लागली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

त्या वीस दिवसांत मी त्या व्हरांड्यातच झोपलो. लेकीचं घर रिक्षानं दहा मिनिटांवर. जावई रोज यायचा, "दादा, घरी चला, आंघोळ तरी करा." मी गेलो नाही. आमच्यात लेकीच्या दारात जाऊन राहत नाहीत. सणाला जावं, ओटी घेऊन जावं, दुसऱ्या दिवशी निघावं. पोरगी दिली म्हणजे आपण देणारे, मागून जाऊन तिच्या ताटात बसायचं नाही. माझा बाप असंच वागला, मी पण असंच वागलो. सुट्टी मिळाली तेव्हा डॉक्टरीण म्हणाली होती की रोज व्यायाम देणारी बाई पाहिजे, पहिल्या काही महिन्यांत हात आणि बोलणं थोडंफार सुधारतं, नंतर अवघड. अशी बाई नांदेडला होती. लेक म्हणाली, मायला माझ्याकडं ठेवा. मी गाडी करून तिला गावी आणली.

गावी आल्यावर आठवड्यात लेसर बंद पडला. उघडून बघितलं तर आत घड्याळाच्या सेलसारखे तीन चपटे सेल, गोळीएवढे. चाकूरला बस स्टँडसमोर घड्याळं आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्याची टपरी आहे, तिथून पत्ता आणला. एका पत्त्यात दहा. तीन तीन करून घातले की शेवटी एक उरतो. घरी येऊन घातले तर लेसर लागेना. दुसरे घातले. लागेना. तिसऱ्या दिवशी परत टपरीवर गेलो आणि भांडलो.

त्यानं झाकण काढलं, सेल हातावर पाडले, उलटे करून घातले. लागला.

"चाचा, हे टॉर्च न्हाई. टॉर्चात सेलचं तोंड पुढं, ह्याच्यात मागं, झाकणाकडं. उलटा बसला की गुपचूप."

"आसं उलटं कोण बनवलं?"

"ज्यानं बनवलं त्यो तुमाला भेटणार न्हाई. घाला उलटं आन जावा घरला."

तिचा लेसर दिवसभर चालायचा, म्हणून सेल चार-पाच दिवसांत बसायचे. माझी जुनी खोड गेली नव्हती. बसलेले सेल मी अंगणात पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर वाळत घातले आणि परत वापरले. बटन दाबलं की चांगला लाल ठिपका पडायचा, पाच-सात वेळा दाबलं की फिका, आणि मग काहीच नाही. टपरीवाल्याला विचारलं तर तो हातातलं काम ठेवून हसायला लागला.

"चाचा, सेल हाय का पापड? उन्हात काय वाळवून राहिले?"

"रेडिओचे वाळवत होतो की."

"रेडिओ कवाच मेला. ह्यो बारका जीव हाय. ऊन लागलं की दोन मिंटं नाचतो आन मरतो. नाचला म्हणून जित्ता हाय आसं समजू नका."

हे मी ध्यानात ठेवलं. चांगल्या कामासाठी नाही ठेवलं.

दिवाळी झाल्यावर लेकीचा फोन आला. तिनं सरळ सांगितलं. "दादा, ऐतवारी आमी गाडी घेऊन येऊन राहिलो. तुमचं ऐकून झालं, माझंबी तुमी ऐकून झालं. आता मायला विचारू. तुमी एकीकडं बसा, मी एकीकडं बसते. तिनं ठिपका माझ्यावर मारला तर मी तिला नेणार. तुमच्यावर मारला तर पुन्यांदा शब्द काढणार न्हाई."

"लेकीच्या दारात म्हातारपण काढाय लावतीस का तिला? लोक काय म्हणतेल?"

"लोकाला ठिपका मारता येत न्हाई. मायला येतो. कबूल हाय का?"

मी कबूल म्हणलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

लोकांचं मी बोललो, पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट अशी की ती गेली तर त्या घरात मी एकटा राहिलो असतो. मला तिच्यामागं नांदेडला जायची लाज, आणि तिच्याशिवाय राहायची भीती. तिला भरवायला, पुसायला, कूस बदलायला मला कधी कंटाळा आला नाही, हे खरं आहे. पण त्या करण्यात तिच्यापेक्षा मीच जास्त अडकलो होतो. आणि ती कुणाकडं ठिपका मारेल याची मला खात्री नव्हती. खात्री असती तर मी काही केलं नसतं.

शनिवारी सकाळी मी बसलेले तीन सेल डब्याच्या झाकणावर अंगणात ठेवले. दिवसभर ऊन चांगलं पडलं. रविवारी लेकीची गाडी पांदीच्या वाटेवर दिसली, तेव्हा मी झाकण आत आणलं, लेसरमधले चांगले सेल काढले, बनियनच्या खिशात घातले आणि वाळवलेले आत सोडले. तिच्या हाताला लेसरचं झाकण धरायला दिलं नाही. एकट्यानंच केलं, पाठमोरा बसून. पण बाजेवरून अंगण दिसतं. शनिवारभर ते डब्याचं झाकण तिच्या डोळ्यासमोर होतं, आणि माझ्या सेल वाळवण्यावर ती आयुष्यभर हसली होती.

चहा झाला. लेक बाजेच्या पायथ्याला डावीकडं भिंतीशी बसली. मी अलीकडं, बाजेला लागून. जावई दारात उभा राहिला, "मी मधी नगं," म्हणाला. लेकीनं आधी एकदा बघितलं लेसर लागतो का. लागला, चांगला लाल. तो आईच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाजवळ जाऊन सावकाश म्हणाली, "माय, तुला माझ्याकडं यायचं आसंल तर माझ्यावर मार. हितं दादाजवळ ऱ्हायचं आसंल तर त्यांच्यावर मार. कुणी रागावणार न्हाई. तुझ्या मनानं."

लेक परत जागेवर जाऊन बसली.

बायकोनं लगेच बटन दाबलं नाही. माझ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. मग दाबलं. ठिपका गोधडीवर तिच्याच पायाजवळ पडला. तिथून शेणानं सारवलेल्या भुईवर उतरला. भुईवरून माझ्या धोतरावर आला. माझ्या गुडघ्यावर थरथरला. मला वाटलं, थांबला.

ठिपका थांबला नाही. गुडघ्यावरून उतरला, भुईवर पुढं गेला आणि फिका व्हायला लागला. लेक आणि मी यांच्यात दीड हात जागा होती. त्या जागेत तो विझला.

"सेल गेले वाटतं," जावई म्हणाला. "दुसरे हायत का दादा?"

"संपले," मी म्हणलं. काढलेले सेल खिशात होते, छातीला टोचत होते. रविवारी टपरी बंद असते हेही मला माहीत होतं.

"माय, बोट दाखव. नुसतं बोट," लेक म्हणाली. बायकोचा हात दमून गोधडीवर पडला होता. ती बटन दाबत होती, परत दाबत होती. डोळ्यातून पाणी आलं तिच्या.

"बघ," मी म्हणलं, "उगं तरास व्हायलाय तिला. तिचं मन न्हाई. ऱ्हाऊंदे."

लेक बराच वेळ आईचा हात धरून बसली. मग उठली. पाया पडली. गाडीत बसताना मला म्हणाली, "तुमी म्हणता तर आसंल." गाडी गेली. त्यानंतर मी खिशातले सेल काढून लेसरात घातले आणि तो बायकोच्या हातात दिला. तिनं घेतला. माझ्यावर मारला नाही, कशावरच मारला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माठावर मारला.

ठिपका कुठं चालला होता ते मला ठाऊक आहे. मी स्वतःला बरेच दिवस सांगून बघितलं की हात दमला म्हणून घसरला असेल. दमलेला हात खाली पडतो. हा हात पुढं जात होता.

त्यानंतर मी सेलच्या मागं वेड्यासारखा लागलो. आता हिचा लेसर कधीच बंद पडू द्यायचा नाही. जावयानं एसटीतून एक हिरवा लेसर पाठवून दिला, जाड, टॉर्चसारखा, त्याला चार्जिंगचा एक मोठा सेल. "मामीला पुन्यांदा तशी अडचण नगं," म्हणाला फोनवर. सासूला तो मामी म्हणायचा. मला फोन कानाला धरवेना. पण तो लेसर काही कामाचा नव्हता. हिरवा उजेड एवढा कडक की स्टीलच्या तांब्यावर पडला आणि परत फिरून आमच्या दोघांच्या डोळ्यात घुसला. तिनं तो टाकूनच दिला. चाकूरला पेन्सिल सेलवरचा एक मिळाला, मास्तर लोक फळ्यावर मारतात तसला, पेनासारखा. सेल महिनाभर टिकायचे, पण बटन एवढं कडक की तिचा अंगठा दुखायचा. तिला तो लाल बारकाच पाहिजे होता.

मग मी हिकमत केली. बारक्यात तीन चपटे सेल लागतात, तर तीन मोठे सेल लावू; दाब दोन्हीचा तेवढाच, असं टपरीवाला एकदा बोलला होता. जुन्या टॉर्चची नळी घेतली, तीन मोठे सेल भरले, दोन वायरी काढल्या, एक लेसरच्या अंगाला आणि एक आतल्या टोकाला लावली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरून बांधला. नळी बाजेच्या पायाला अडकवली, लेसर तिच्या हातात. ठिपका असा पडला की दिवसाउजेडी भिंतीवर जाड दिसायचा. दोन दिवस मी स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं बटन दाबलं तर ठिपकाच नाही. तोंडाशी नुसता मळकट लाल उजेड, पाण्यात पडलेल्या निखाऱ्यासारखा. सेल बदलले, वायरी बदलल्या. तसाच.

टपरीवाल्यानं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"जळला, चाचा."

"कामून? तीन बारके न् तीन मोठे, दाब तेवढाच म्हणला होतास तू."

"दाब तेवढाच. पर बारका सेल म्हंजे सलाइनची नळी, थेंब थेंब सोडती. तुमी तिच्या जागी हिरीची मोटर लावली. सुईत मोटरचं पाणी सोडल्यावर काय व्हणार?"

चाकूरला तसला लेसर नव्हता. लातूरला गेलो, गंजगोलाईत तीन दुकानं फिरलो, तेव्हा मिळाला. तसलेच दोन घेतले. जाऊन येईपर्यंत दिवस मावळला. त्या दिवशी तिला पाणी पाजायला शेजारीण बसली होती. ती म्हणाली, "लई घाबरून ऱ्हायली होती वैनी. सारखी मूठ उघडून बघायची." एकदा मी मेलेले सेल घालून तिला मुकी केलं आणि एकदा जास्तीचा जीव घालून. दुसऱ्याला चूक म्हणता येईल. पहिल्याला नाही.

मी तिला परत विचारू शकलो असतो. रोज विचारू शकलो असतो, लेसर चांगला लागत होता. विचारलं नाही. पौष महिन्यात एक दिवस तिनं ठिपका कोपऱ्यातल्या ट्रंकेवर मारला. ट्रंकेत तिची नेसायची लुगडी आणि नांदेडला जाताना नेत असे ती पिशवी. मला कळलं. मी ट्रंक उघडली आणि विचारलं, "हिरवं लुगडं काढू का? थंडी वाजायली का? शाल देऊ?" ठिपका पिशवीवर होता. मी शाल काढून तिच्या अंगावर घातली. तिनं बटन सोडून दिलं. परत ट्रंकेवर कधी ठिपका पडला नाही.

नंतर आमचं बरं चाललं होतं, वरून तरी. ती माझ्या टकलावर ठिपका मारायची, मी रागावल्यासारखं करायचो. कोंबडी आत आली की तिच्यावर मारायची आणि कोंबडी ठिपक्यामागं धावायची. यावरून तिनं मला माफ केलं होतं असं मी लिहीत नाही. ठिपका वस्तूवर मारता येतो. तसलं काही दाखवायला घरात वस्तू नव्हती.

त्या दिवशी दूध उतरवून मी तिला अर्धा कप पाजलं. मग अंगणात जाऊन सूप घेऊन बसलो, तुरी निवडायच्या होत्या. फाल्गुनाचं ऊन कडक पडलं होतं. तासाभरानं पाणी प्यायला आत आलो तर तिची मान कलली होती. हाक मारली. हात लावला. अंग गरम होतं, पण ती नव्हती. लेसर मुठीत होता, अंगठा बटनावर, पण दाबलेला नव्हता.

तिनं मला बोलावलं नाही, का बोलावलं आणि मी बघितलं नाही, ते कळायला मार्ग नाही. बाजेवरून अंगण दिसतं असं मी वर लिहिलं आहे. उन्हात तो लाल ठिपका दिसत नाही. पाठीवर पडला असता तरी मला कळला नसता.

लेकीला फोन केला. दिवस बुडायच्या आत ती आणि जावई पोचले. शेताच्या बांधाला तिला नेलं, अग्नी मी दिला. लेक एवढी रडली की बायांनी तिला धरून ठेवलं. ती एकच म्हणत होती, "न्यायला पायजे होतं, न्यायला पायजे होतं." बाया म्हणाल्या, "तुझ्या मायचंच मन नव्हतं पोरी, तुझे दादा सांगत होते ना." मी ते ऐकलं.

सकाळी उठलो. घरात चूल पेटवायची नव्हती, शेजारणीनं किटलीत चहा आणला. लेक ओसरीच्या पायरीवर बसली होती, डोळे सुजलेले. जावई पलीकडं दातन करत होता. मी लेकीच्या हातात कप दिला आणि तिच्यासमोर खाली बसलो.

"ऐतवारी लेसर बंद पडला त्यो आपुन न्हाई पडला," मी म्हणलं. "मी वाळवलेले सेल घातले होते."

"कंच्या ऐतवारी?"

"दिवाळीनंतर. तू न्यायला आल्ती तवा. चांगले सेल माझ्या खिशात होते."

तिनं कप खाली ठेवला. चहाला हात लावला नव्हता.

"आन माय?"

"तुझ्याकडं येत होती. माझ्या गुडघ्यावर आली, थांबली न्हाई. तुझ्याकडंच निघाली होती. पुन्यांदा ट्रंकेवरबी मारला तिनं. मला कळलं होतं. मी शाल काढून दिली."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी मला फसवलं ते ऱ्हाऊंद्या," ती म्हणाली. "तिला काय वाटलं आसंल दादा? तिनं माझ्याकडं हात केला आन मी उठून गाडीत बसून गेले."

मी तिचा कप वाटेतून बाजूला सरकवला.

"बायांना तुमी काय सांगितलं होतं? तिचं मन न्हाई म्हणून?"

"हाव."

"मग त्यांनाबी सांगा."

ती उठून आत गेली. तोपर्यंत जावई तोंड धुऊन टावेलाच्या टोकानं पुसत माझ्याकडं आला होता, "दादा, चहा घेतला का?" विचारत. मी त्याला म्हणलं, बस इथं जरा. आणि शनिवारी सकाळपासून सगळं त्याला सांगितलं. किटली न्यायला शेजारीण आली, तिला म्हणलं, तू पण बस. तिच्यासाठी परत पहिल्यापासून सांगितलं.